इशारा पातळी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'काय, बरं आहे का?' असं विचारत नाहीत. 'किती फूट?' असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाच्या पंगतीत, मयताला जमलेल्या माणसांत, दातांच्या डॉक्टरसमोर आ वासलेला असताना, कुठंही हा प्रश्न चालतो आणि समोरचा न चिडता उत्तर देतो. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात.

आमच्या घरात मात्र हा प्रश्न मोबाइलला विचारायची पद्धत नाही. आमची आई भिंतीला विचारते.

घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. हाक जरा मोठ्यानं मारावी लागते इतकंच. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, डोक्यावर माळा आणि मागं परसात एक आड. तो वडिलांनी बुजवला असं आम्ही मानतो, बेडूक मानत नाहीत. घर माझ्या नावावर आहे. तसे कागद आहेत. त्या कागदांचा निम्मा भाग कसरीनं खाल्ल्यामुळं बाकीचे हिस्सेदार कोण ते कागदावरून सांगता येत नाही. पण रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की ते सगळे एकदम दिसतात.

तर भिंत. जुलै लागला की आई रोज सकाळी देवघराशेजारच्या कोपऱ्यात चष्मा लावून उभी राहते. उंबऱ्याखालून निघालेली मुंग्यांची रांग तिथून वर माळ्याकडं जाते. रांग रिकाम्या तोंडानं चालली असेल तर आई काही बोलत नाही. तोंडात पांढरे दाणे दिसले की ती आत वर्दी देते, "अंडी उचलली बरं का त्यांनी. कोयनेतून सोडलेलं दिसतंय." माझा भाचा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करतो. त्यानं एकदा आजीला सांगितलं, की ती अंडी नसतात, बहुतेक वेळा कोश असतात, आत मुंगी जवळजवळ तयार झालेली असते. आई म्हणाली, "पोर पाळण्यातून न्या नाहीतर दुपट्यातून न्या, घर सोडलं ते सोडलंच की."

अशा निरीक्षणांतून आईनं एक कोष्टक बसवलंय. ते कुठं लिहिलेलं नाही, लिहिलं असतं तर कसर होतीच. २० फुटांच्या आसपास मुंग्या. २५ ला न्हाणीत पैसा दिसायला लागतो, हात लावला की वेटोळं करून पडणारा तो किडा. त्याच्या मागोमाग गोम आणि गोगलगायी. तिशीत मोरीतून मोठी झुरळं. नदीचं पाणी नाल्यातून उलटं आत यायला लागलं, म्हणजे आमच्या भाषेत पाण्याला फुग आली, की गटारात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घूस अंगणात येते आणि हवापालटाला आल्यासारखी तुळशीपाशी बसते. ३८ ला दिवड. "आणि ४० ला?" असं मी लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, "४० ला सरकार. भोंगा लावलेली गाडी घेऊन."

भोंग्याची गाडी येऊन 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' असं सांगते तेव्हा आमच्या घरातले निम्मे नागरिक माळ्यावर पोचून बिऱ्हाड लावून बसलेले असतात.

माझी बायको जतची. जत आणि सांगली एकाच जिल्ह्यात आहेत असं नकाशावर दाखवतात. तिकडं पाण्याचा टँकर आला की गाव धावतं, इकडं पाणीच दारात येतं आणि गाव पळतं. तिच्या माहेरी घरातला जीव म्हणजे विंचू. चप्पल झाडल्याशिवाय ती आजही पायात घालत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात परसातल्या सरपणात निघालेला विंचू तिनं चिमट्यानं उचलून, नाव-गाव न विचारता, निकालात काढला. मी दारामागून बघत होतो. माझी छाती अभिमानानं आणि इतर कारणांनी धडधडत होती. त्याच बाईनं पुढं जुलैत न्हाणीच्या भिंतीवर गोगलगाय बघून अशी किंकाळी फोडली, की बोळातली चार माणसं काठ्या घेऊन आली.

"अय्यय्यो! घर पाठीवर घेऊन आलंय वो हे! म्हणजे राहायलाच आलंय!"

गोगलगाय राहायलाच आली होती, हे खरं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

बायकोनं मग हे घर निर्जीव करायचं मनावर घेतलं. निर्जीव हा शब्द तिचा. आईचं म्हणणं वेगळं. आईच्या मते नदीकाठी घर बांधताना नदीला विचारलेलं नसतं, तेव्हा नदीची माणसं येणारच. आपण फक्त कुणाला कुठवर येऊ द्यायचं ते ठरवायचं. मुंगी देवघरापर्यंत, पाल छतापर्यंत, बेडूक मोरीपर्यंत. "आणि उंदीर?" बायकोनं विचारलं. आईनं गणपतीच्या तसबिरीकडं बघितलं. सांगली हे गणपतीचं गाव. पटवर्धन संस्थानिकांचं हे दैवत, आणि गावाचंही. त्या गावात राहून त्याच्या वाहनाला मारायचं हे आईला पटणारं नव्हतं.

"वाहन आहे ना, आत्या? मग पार्किंग देवळात करायला सांगा."

या वाक्यानंतर घरात दोन दिवस फक्त भांड्यांचे आवाज होते. त्यातले काही उंदरांचे.

पहिल्यांदा झुरळांची बारी आली. औषध मारणारा एक तरुण मुलगा पाठीवर पंप आणि हातात जाड सुईची पिचकारी घेऊन आला. त्यानं नियमाप्रमाणं विचारलं, "घरात पाळीव प्राणी आहेत का?" आई म्हणाली, "पाळलेला कुणी नाही बाबा. राहिलेले आहेत." त्यानं सिलिंडरमागं टॉर्च मारला आणि माहिती दिली, "हे बारकं, तपकिरी, पाठीवर दोन पट्टे, हे जर्मन. मोरीतलं मोठं लालसर ते अमेरिकन." आईला याचं फार नवल वाटलं. नवल म्हणजे अभिमानच. आमच्या मोरीत अमेरिका येऊन राहिलीय हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "आणि आपलं कुठलं?" तिनं विचारलं.

"आपलं आता कुठं राहिलंय आजी."

(नावाला अमेरिकन असलेलं हे झुरळ मूळचं आफ्रिकेतलं, हे भाच्यानं नंतर सांगितलं. म्हणजे पत्ता एक आणि मूळ गाव दुसरंच. गावभागात असे पुष्कळ आहेत.)

त्या मुलानं फटीफटींत जेलचे ठिपके दिले. जर्मन बाई अंड्यांचं पाकीट पोटाशी घेऊन हिंडते, एकेका पाकिटात तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा ठिपके द्यायला येईन, असं सांगितलं आणि वर्षाच्या हमीचं कार्ड दिलं. दारात चपला घालताना मात्र तो वळला आणि म्हणाला, "नदीची गॅरंटी नाही हां. पाणी चढलं की कार्ड संपलं." इतका प्रामाणिक माणूस मी त्या धंद्यात काय, इतर धंद्यांतही फारसा बघितला नाही. ऑगस्टात पाणी ३० फुटांवर गेलं आणि मोरीतून अमेरिकेचा नवा जत्था आला. हमीच्या कार्डाचा उपयोग बायकोनं त्यांतल्या एकाला सुपलीत लोटायला केला.

डासांबद्दल मी लिहिणार नाही. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की नदी त्यांना लागत नाही. कुंडीखालची बशी पुरते.

पालीचा विषय मात्र आईनं हातात ठेवला. पाल अंगाच्या कुठल्या भागावर पडली म्हणजे काय होतं याचं कोष्टक पंचांगात असतं आणि आमच्या पंचांगाचं तेवढंच पान तेलकट झालेलं आहे. त्यात भर पडली ती चिकट पुठ्ठ्याची. उंदरासाठी बायकोनं बाजारातून डिंक लावलेला पुठ्ठा आणून फडताळाखाली ठेवला. पहिल्या रात्री त्यावर माझा पाय पडला. दुसऱ्या रात्री बायकोचं पैंजण. तिसऱ्या रात्री एक पाल. पाय आणि पैंजण आम्ही ओढून काढलं. पालीला ओढलं तर ती शेपटी देते, बाकीची तिथंच राहते. तेल लावलं की तो डिंक सुटतो. मग आई रात्री साडेअकरा वाजता अंगणाच्या पायरीवर बसली आणि वाटीभर शेंगदाण्याचं तेल घेऊन, कापसाच्या बोळ्यानं, एकेक पाय सोडवत बसली. पाल सुटल्यावर लगेच पळाली नाही. थोडा वेळ तशीच पडून राहिली. "सुस्तावलीय," आई म्हणाली. माझ्या बाळंतपणात मला एवढं तेल कुणी चोळलं नव्हतं, असं बायको अजून म्हणते.

आता उंदीर.

उंदरांत एक होता, त्याच्या डाव्या कानाचा तुकडा उडालेला होता. आई त्याला कानतुट्या म्हणायची. गोठ्यातल्या जनावराला नाव द्यावं तितक्या सहज हे नाव पडलं आणि नाव पडलं तिथंच आम्ही हरलो. नाव दिलेल्याला मारता येत नाही. बायकोनं तरीही एकदा औषधाच्या वड्या आणल्या. या औषधाची तऱ्हा अशी, की उंदीर खाऊन लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठेनासं होतं आणि तो तीन-चार दिवसांनी मरतो. म्हणजे बाकीच्यांना वडीचा संशय येत नाही. युक्ती उत्तम आहे. पण मधल्या तीन-चार दिवसांत, कुठं मरायचं हे ठरवायला उंदराला भरपूर सवड मिळते. आमच्याकडच्यानं झोपायच्या खोलीतल्या कपाटामागची भिंत निवडली. पांढऱ्या मातीची भिंत दोन हात जाड असते. त्यात तो नक्की कुठं आहे हे नाकाला कळत होतं, पहारीला सापडत नव्हतं. दिवाळी चार दिवसांवर होती. त्या वर्षी आमच्याकडं फराळाला आलेल्या प्रत्येकानं उदबत्तीची चौकशी केली. गेलेला उंदीर कानतुट्या नव्हता. तो पाडव्याला सकाळी तुळईवरून चालत जाताना दिसला. आईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो नको तितका आत घेतल्यामुळं पुन्हा उदबत्ती लावली.

राहता राहिला पिंजरा. पिंजऱ्याचं शास्त्र असं, की उंदीर भित्रा नसतो पण शंकेखोर असतो. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो दोन-चार दिवस तिच्या जवळ फिरकत नाही. म्हणून पिंजरा आणला की पहिले काही दिवस दार बांधून उघडं ठेवायचं, आत खाणं ठेवायचं आणि खाऊ द्यायचं. विश्वास बसला की चाप लावायचा. हे मी घरी समजावून सांगितलं आणि मारुती चौकातून रोज एक कांदाभजी आणायला लागलो. एकच भजं कुणी देत नाही, म्हणून पाव किलो आणत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "उंदराला भजी लागतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? उंदरानं?" तोवर माझं वजन वाढलं होतं आणि पिंजऱ्यातलं भजं दर सकाळी नाहीसं होत होतं. पाचव्या रात्री चाप लावला. सकाळी आत कानतुट्या होता. भजं संपवून, हात-तोंड पुसत बसावं तसा मिशा साफ करत बसला होता.

तो सोडायचा कुठं? बोळाच्या टोकाला सोडला असता तर माझ्या आधी घरी पोचला असता. जवळपास सोडलेला उंदीर परत येतो, हे गावभागात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नदीपलीकडं सोडायचा. नदीच्या पलीकडं सांगलवाडी. मधे आयर्विन पूल. हा पूल १९२९ सालचा. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं नाव त्याला दिलेलं आहे. दगडी, देखणा, आणि सगळ्या गावाचा जीव ज्याच्या खांबावरच्या आकड्यांत अडकलेला असतो असा. आपल्या नावावरून पुढच्या काळात काय काय नेलं जाईल याची त्या व्हाइसरॉयला कल्पना नसावी.

पहाटे साडेपाचला मी निघालो. पिंजरा भाजीच्या कापडी पिशवीत घातलेला, वर टॉवेल. आत कानतुट्या शांत होता, मीच हादरलेला होतो. पुलाच्या मधोमध आलो तर समोरून, सांगलवाडीकडून, एक पन्नाशीचे गृहस्थ येत होते. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, वर टॉवेल. पिशवीला काटकोनी कोपरे होते.

आम्ही दोघंही थांबलो. नदीकडं बघितलं.

"फिरायला?" त्यांनी विचारलं.

"होय की. तुम्ही?"

"आम्ही बी फिरायलाच."

त्यांच्या पिशवीतून बारीक चीं असा आवाज आला. माझ्या पिशवीतून त्याला उत्तर गेलं. आम्ही दोघांनी एकदमच घसा खाकरला.

"किती फूट आहे?" मी विचारलं.

"सतरा," असं म्हणून ते सांगलीच्या दिशेनं गेले आणि मी सांगलवाडीच्या.

महिनाभरात कानतुट्या तुळईवर परत दिसला. मला वाटलं, पोहत आला. उंदीर उत्तम पोहतो. आईला वाटलं, गणपतीनं पाठवला. बायको काही बोलली नाही, तिनं नुसतं विचारलं, "पुलावर कुणी भेटलं होतं का वो?" त्यानंतर वर्षभरात मी त्याला तीन वेळा नेला. तिन्ही वेळा ते टोपीवाले भेटले आणि तिन्ही वेळा आम्ही फिरायलाच निघालो होतो. एकमेकांच्या पिशवीबद्दल न बोलण्यात जो सभ्यपणा असतो तो आम्ही दोघांनी पाळला.

उगाच आठवण झाली म्हणून सांगतो. आमच्या भागात कीड न लागणारी एकच जागा होती, ती म्हणजे हरिपूरची पेवं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम. तिथली जमीन अशी, की खोल पेव खणून त्यात हळद भरली, तोंड बंद केलं, की वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. आत हवाच उरत नाही, मग किडा जगणार कशावर? पेव उघडलं की माणूसही लगेच आत उतरत नाही. तोंड उघडं ठेवून हवा खेळू देतात, मग उतरतात. बायकोनं ही गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे चमकले. आपल्या घराचंही असं करता येईल का, असा तिचा विचार होता. मी आठवण करून दिली, की मग आपणही आत असू. शिवाय २००५ च्या पुरात त्या पेवांतही पाणी शिरलं. जिथं मुंगीला वाट नव्हती तिथं नदी गेली.

२०१९ च्या ऑगस्टात हसण्यासारखं फार थोडं होतं. आईच्या कोष्टकानं त्या वर्षी दगा दिला, म्हणजे कोष्टक बरोबर होतं पण सगळे हप्ते एकदम आले. मुंग्या निघाल्या त्याच दिवशी गोमा निघाल्या, संध्याकाळी झुरळं, रात्री घूस तुळशीपाशी न थांबता थेट जिन्यावर. दुसऱ्या दिवशी दिवड. ती न्हाणीत तांब्याच्या घंगाळामागं बसली होती. दिवड विषारी नसते, पण रागीट असते आणि चावते कडकडून. सर्पमित्राला फोन लावला तर त्याच्याकडं यादी होती. "तुमचा नंबर एकोणिसावा," तो म्हणाला. "नाग असला तर आधी येतो." बायकोनं घंगाळामागं वाकून बघितलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. "नाग नाही. राहू द्या. आम्ही बसतो हिच्याबरोबर." गोगलगायीला बघून बोळ गोळा करणारी ती हीच. त्या एका वाक्यानं ती गावभागातली झाली.

४५ ला आम्ही खालचं सामान माळ्यावर चढवलं. रात्री पाणी जोत्यावर आलं. वीज गेलेली. आई, बायको, मी, सिलिंडर, तांदळाचा डबा, गणपतीची तसबीर आणि गाद्या असे सगळे माळ्यावर. टॉर्च फिरवला तेव्हा दिसलं, की आम्ही शेवटी आलेले होतो. तुळईच्या कडेनं मुंग्यांचा काळा गालिचा पसरलेला. कौलांखालच्या वाशावर पाली ओळीनं. कोपऱ्यात घूस पाठमोरी बसलेली, सासरी रुसलेल्या जावयासारखी. आणि मधल्या तुळईवर कानतुट्या. त्यानं आमच्याकडं बघितलं. पळाला नाही. पळायचं कुठं हे त्यालाही कळत नव्हतं आणि आम्हालाही.

कुणीच कुणाला काही केलं नाही. आईनं बिस्किटाचा पुडा फोडला, आम्हाला दोन-दोन दिली, एक मोडून तुळईच्या टोकावर ठेवलं. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "अर्धंच ठेवलंय. घुशीला?"

सकाळी होडी आली. आईला उतरवताना तिनं वळून माळ्याकडं बघितलं आणि होडीवाल्या पोराला विचारलं, "अजून किती चढणार रे?" त्याला वाटलं ती माणसांबद्दल विचारतेय. "अजून दोघं बसतील," तो म्हणाला.

पाणी त्या वर्षी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही मिरजेला मावसभावाकडं होतो, अकराव्या मजल्यावर नव्हे, साध्या दुसऱ्याच, पण तिथं एक मुंगी नव्हती. मावसभावाची बायको अभिमानानं सांगायची, महिन्याला फवारणी असते. आईला तिथं झोप लागली नाही. "काही हलतच नाही," ती म्हणायची.

परत आलो तेव्हा खुंटीपर्यंत पाण्याची रेघ होती आणि तिच्याखाली सगळं एका रंगाचं. गाळ उपसायला चार दिवस लागले. पायात गंबूट, हातात खराटा, सगळीकडं ब्लिचिंग पावडरचा वास. पायाला चीर असेल तर गाळात उतरू नका, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, असं आरोग्य खात्याच्या ताई गोळ्या वाटताना बजावत होत्या. आई गोळी घेऊन म्हणाली, "त्यासाठी उंदीर तरी असायला पाहिजे ना."

कारण उंदीर नव्हता. झुरळ नव्हतं. भिंतीवर मुंगी नव्हती, पाल नव्हती. बायकोला जे हवं होतं ते नदीनं एका दमात करून दिलं होतं. ती रात्री स्वयंपाकघरात दिवा लावायची, उगाच दोन मिनिटं उभी राहायची आणि बंद करून परत यायची. आठवड्याभरात बाल्ड्यांतल्या पाण्यातून डास झाले. त्यांना कुणी आपलं मानलं नाही.

चौथ्या दिवशी जिन्याखालचा गाळ काढताना पिंजरा सापडला. दार पडलेलं, आणि आत काहीतरी खरवडत होतं. आई धावत आली. पाणी ओतून गाळ धुतला तर आत खेकडा. चांगला तळहाताएवढा, दोन्ही नांग्या वर करून आमच्यावर धावून येणारा. पुराबरोबर आला असणार आणि आकड्याला लावलेल्या जुन्या भज्याच्या वासानं आत शिरला असणार. मारुती चौकाच्या भज्यात काय असतं ते एकदा विचारलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा निघालो. पिशवी, टॉवेल. पुलावर नदीकडं बघत गर्दी होती, तरी टोपीवाले ओळखू आले. या वेळी त्यांच्या हातात पिशवी नव्हती. सांगलवाडीही बुडाली होती. आम्ही एकमेकांची घरं विचारली. माणसं ठीक आहेत का विचारलं. मग ते माझ्या पिशवीकडं बघून म्हणाले, "तुमच्यात राहिलंय वाटतं अजून. आमच्यात एक नाही बघा."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणी पिशवीबद्दल बोललं होतं. मी टॉवेल बाजूला केला. ते वाकले, आणि एकदम सरळ झाले.

"ह्यो सोडायला चाललाय व्हय?"

"म्हणजे... नदीत..."

"अहो, ह्येचा रस्सा करायचा असतोय! आणा हिकडं. पिंजरा उद्या देतो."

मी पिंजरा दिला. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "खेकडा गेला ते गेला, पिंजरा पण गेला." पण दुसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी ते टोपीवाले पत्ता विचारत आमच्या बोळात आले. पिंजरा घासूनपुसून लख्ख केलेला, वर टॉवेल घातलेला. चहा घेतला, खेकड्याची वाखाणणी केली, पाणी खुंटीच्या किती बोटं वर होतं ते मोजलं आणि निघताना पिंजरा आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, आजी."

आईनं टॉवेल उचलला, चष्मा वर केला आणि वाकून बघितलं.

"कान बघ," ती मला म्हणाली.

"आत्या, दाराला हात लावू नका," बायको म्हणाली, आणि फडताळातून बिस्किटाचा पुडा काढायला उठली.